पाणी मऊ होतं म्हणजे नेमकं काय होतं?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, "सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलंत, हे प्लंबिंग कधीपासून?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की निवृत्तीनंतर मी घरी वॉटर सॉफ्टनर बसवला आणि तो चुकीचा बसवला. चूक नळ जोडण्यात नव्हती. एक शब्द मी न तपासता स्वीकारला, तिथे होती. शब्द तपासणं हाच माझा चाळीस वर्षांचा धंदा असल्यामुळे त्या चुकीबद्दल चार माणसांसमोर बोलणं मला भाग आहे.

आधी पार्श्वभूमी सांगतो. आम्ही पूर्वी पुण्यात पेठेत राहायचो. खडकवासल्याचं पाणी. त्या पाण्याला साबण लावला की फेस येतो, ही गोष्ट आम्ही इतकी गृहीत धरली होती की ती गोष्ट आहे हेच लक्षात नव्हतं. मग मुलाच्या नव्या फ्लॅटमध्ये, शहराच्या कडेला राहायला गेलो. तिथे सोसायटीची बोअर आणि टँकर. सहा महिन्यांत नळांच्या तोंडाशी पांढऱ्या खपल्या, बाथरूमच्या काचेवर डाग, सूनबाईंची केसांबद्दल तक्रार. गीझरची कॉइल चौदा महिन्यांत दोनदा गेली. दुसऱ्यांदा मेकॅनिकने ती काढून दाखवली, तर तिच्यावर अंड्याच्या कवचासारखा जाड थर. आणि वरण! आमच्या सौ. म्हणायच्या, "या पाण्यात डाळ शिजतच नाही. शिट्ट्या मोजून हात दुखायला लागले."

तुमच्यापैकी जे गावाकडचे आहेत त्यांना आठवेल, गावात दोन विहिरी असल्या तर एकीचं पाणी 'वरणाचं' म्हणून ओळखलं जायचं. बायका लांबच्या विहिरीवर जायच्या, कारण जवळच्या विहिरीच्या पाण्यात डाळ कडक राहायची. त्यांना कॅल्शियम हा शब्द माहीत नव्हता, पण परीक्षा अचूक होती. डाळीतल्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट बांधून ठेवतं, म्हणून दाणा फुटत नाही.

शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हणतात आणि मऊ पाण्याला 'सुफेन'. ज्याला फेस मुश्किलीने येतो ते दुष्फेन. मला हे शब्द आवडतात, कारण त्यांत व्याख्याही आहे आणि चाचणीही आहे. बोलताना आपण 'जड पाणी' म्हणतो. तोही शब्द चालेल, फक्त अणुभट्टीतलं जड पाणी वेगळं. आणि 'खारं पाणी' हे तर तिसरंच. अकोला-अमरावतीकडच्या खारपाण पट्ट्यातलं पाणी चवीलाच खारट असतं. दुष्फेन पाणी चवीला चांगलंही लागू शकतं. आपण हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतो आणि मग एका रोगाचं औषध दुसऱ्याला आणतो.

दुष्फेनपणा म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळात कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेली खनिजं भरपूर आहेत. हे पाणी वर्षानुवर्षं त्यांच्या सांदीफटींतून फिरतं आणि ते क्षार सोबत घेतं. धरणातलं पाणी बहुतांशी वरून वाहून आलेलं, त्याला खडकाचा सहवास कमी. म्हणून एकाच शहरात धरणाचं पाणी मऊ आणि बोअरचं जड. पाणी तापवलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसतं. जुन्या तांब्याच्या बंबाच्या तळाशी जो खडा धरायचा तो हाच. तुमच्या गीझरमध्ये बसतो तोही हाच.

पहिला प्रश्न: मोजलं का?

आता माझ्या चुकीकडे येतो. सोसायटीतल्या एकांनी नंबर दिला आणि एक गृहस्थ घरी आले. त्यांनी पेनासारखं एक यंत्र पाण्यात बुडवलं, त्यावर आकडा आला, त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "सर, तुमचं पाणी फार खराब आहे. हे मशीन सगळे क्षार काढून टाकेल." मी तिथेच होकार दिला.

इथे थांबू. ते पेन होतं टीडीएस मीटर. पाण्यात एकूण किती पदार्थ विरघळले आहेत, याचा अंदाज ते विजेच्या वहनावरून देतं. त्यात कॅल्शियमही येतं आणि साधं मीठही येतं. दोन घरांतल्या पाण्याचा टीडीएस सारखा असेल, तरी एक मऊ आणि एक जड असू शकतं. दुष्फेनपणा मोजायला वेगळी चाचणी लागते. बाजारात थेंबांचा किट मिळतो. पाण्यात रंगद्रव्य टाकलं की पाणी लालसर होतं, मग दुसऱ्या बाटलीतले थेंब मोजत टाकायचे, रंग निळा झाला की थांबायचं. थेंबांच्या संख्येवरून आकडा निघतो. किंवा सरळ प्रयोगशाळेत एक बाटली द्यावी.

आपल्याकडचे नैय्यायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण कोणाच्या शब्दाला? आप्ताच्या. आप्त म्हणजे ज्याला वस्तू जशी आहे तशी माहीत आहे आणि जो ती तशीच सांगू इच्छितो. मशीन विकणाऱ्याला दुसरी अट पाळणं अवघड असतं. तो वाईट माणूस असतो असं नाही. त्याचा स्वार्थ त्याच्या वाक्यात मिसळलेला असतो, इतकंच. तिथे प्रत्यक्ष प्रमाण हाताशी असताना मी शब्दावर विसंबलो.

नंतर मी पाणी तपासून घेतलं तेव्हा दुष्फेनपणा निघाला लिटरला ४०० मिलिग्रॅम. तुलनेसाठी सांगतो, ६० पर्यंत पाणी मऊ मानतात आणि १८० च्या वर फार जड. भारतीय मानक आयएस १०५०० पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत स्वीकार्य म्हणतं, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. जागतिक आरोग्य संघटनेने दुष्फेनपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. म्हणजे आमचं पाणी 'खराब' नव्हतंच. ते कपड्यांना, कॉइलला आणि डाळीला त्रासदायक होतं. खराब आणि त्रासदायक या दोन शब्दांत फरक आहे, आणि भीती नेहमी पहिल्या शब्दाने विकली जाते.

दुसरा प्रश्न: काढतो की बदलतो?

आता त्या शब्दाकडे येऊ, 'काढून टाकतो'. सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही. तो अदलाबदल करतो.

त्या उंच नळकांड्यात रेझिनचे, साबुदाण्याहून बारीक मणी असतात. या मण्यांवर ऋण विद्युतभाराच्या जागा असतात आणि प्रत्येक जागी सोडियमचा एक आयन बसलेला असतो. जड पाणी आलं की कॅल्शियमचा आयन येतो. त्याचा भार दुप्पट, म्हणून मण्याची त्याच्यावरची पकड जास्त. तो दोन सोडियमना उठवतो आणि त्यांच्या दोन जागा घेऊन बसतो. उठलेले दोन सोडियम पाण्याबरोबर तुमच्या नळात येतात. एसटीत खिडकीची जागा पकडणाऱ्या धट्ट्याकट्ट्या प्रवाशासारखं हे आहे.

काही दिवसांनी सगळ्या जागा कॅल्शियमने भरतात. मग दाट मिठाचं पाणी मण्यांमधून सोडतात. सोडियमचा लोंढाच इतका मोठा येतो की आता कॅल्शियमला उठावं लागतं. ते गटारात जातं, सोबत उरलेलं मीठही जातं, आणि मणी पुन्हा तयार होतात. याला रिजनरेशन म्हणतात. पूर्ण स्वयंचलित यंत्र हे रात्री आपोआप करतं, साध्या यंत्रात व्हॉल्व्ह हाताने फिरवावा लागतो.

म्हणून मऊ झालेल्या पाण्यात टीडीएस मीटर बुडवलंत तर आकडा कमी होत नाही, किंचित वाढतोही. कारण ४० वजनाचं कॅल्शियम गेलं आणि २३ वजनाची दोन सोडियम आली, म्हणजे ४६. माझ्याकडे आलेल्या गृहस्थांनी ते मीटर मशीन बसवल्यानंतर पुन्हा खिशातून काढलं नाही. का, ते मला फार उशिरा कळलं.

आता हिशोब करू. दुष्फेनपणाच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे साधारण ०.४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. आमचा आकडा ४००. म्हणजे लिटरमागे १८४ मिलिग्रॅम सोडियम. एका माणसाच्या पोटात पिणं, चहा, वरण-भात मिळून रोजचं तीन लिटर पाणी जातं असं धरलं, तर साडेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. मिठाच्या भाषेत जवळजवळ दीड ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. त्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त नुसत्या पाण्यातून.

आमच्या सौ.ना रक्तदाबाचा त्रास आहे. लोणचं, पापड, वरून मीठ घेणं हे सगळं त्यांनी मन मारून बंद केलं होतं. आणि मी घराच्या मुख्य नळावर, स्वयंपाकघरासकट, सॉफ्टनर बसवून दिला होता. आमच्या पाण्याला पुढे होतं ते यूव्ही यंत्र. ते जंतू मारतं, सोडियमला हातही लावत नाही. आरओ असता तर त्याने बहुतेक सोडियम अडवलं असतं, पण तेही फक्त पिण्याच्या पाण्यातलं. भाताला आणि डाळीला आपण नळाचंच घेतो. सौ. खूश होत्या, कारण वरण आता दोन शिट्ट्या लवकर होत होतं. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तर रक्तदाब वाढलेला. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ कमी केलंय ना?" त्या म्हणाल्या, "केलंय हो, अगदी बेतानं." आणि ते खरं होतं.

त्या आठवड्यात मी २५ किलो मिठाची पिशवी लिफ्टमधून घरात ओढत आणत होतो. दाराशी टेकवली आणि पहिल्यांदा मनात आलं, हे एवढं मीठ जातं कुठे? हा प्रश्न पहिल्या पिशवीला पडायला हवा होता. मला तो चौथ्या पिशवीला पडला.

रक्तदाब पाण्यामुळेच वाढला असं मी म्हणत नाही. अन्वय-व्यतिरेक लावायचा तर इतर सगळं तसंच ठेवून फक्त पाणी बदलायला हवं होतं. आम्ही स्वयंपाकघराचा नळ वेगळा केला त्याच आठवड्यात डॉक्टरांनी गोळीही बदलली. आता रक्तदाब आटोक्यात आहे, पण श्रेय कोणाचं हे मला सांगता येणार नाही. इतकं मात्र नक्की की जे मीठ त्या ताटातून काढत होत्या, ते मी तांब्यातून परत देत होतो, आणि त्यांना ते सांगितलंही नव्हतं.

तिसरा प्रश्न: मग मीठ जातं कुठे?

घरात चार माणसं. नगरपालिकांच्या आराखड्यांत माणशी १३५ लिटर धरतात, म्हणजे रोज ५४० लिटर. लिटरला ४०० मिलिग्रॅम म्हटल्यावर रोज २१६ ग्रॅम दुष्फेनपणा. वर्षाला सुमारे ७९ किलो! २५ लिटर रेझिनचं यंत्र ढोबळमानाने सव्वा किलो दुष्फेनपणा पकडतं, म्हणजे पाच-सहा दिवसांनी रिजनरेशन. प्रत्येक वेळी साडेतीन किलोच्या आसपास मीठ आणि दीडशे-दोनशे लिटर पाणी. वर्षाला दोनशे किलोंहून अधिक मीठ एका घरातून गटारात. तुमच्या इमारतीत शंभर फ्लॅट असतील तर तुम्हीच गुणाकार करा.

आमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाचं यंत्र आहे आणि ते पाणी बागेला घालतात. पण ते यंत्र घाण कुजवतं, विरघळलेलं मीठ तसंच पुढे सोडतं. सोडियम मातीत गेलं की चिकणमातीच्या कणांवरचं कॅल्शियम उठवून तिथे बसतं. माती विस्कटते, वर पापुद्रा धरते, पाणी मुरेनासं होतं. सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांना विचारा, ते अशा जमिनीला 'चोपण' म्हणतात. तिथे कारण वेगळं, अति पाणी आणि अपुरा निचरा, पण मातीत घडतं ते हेच. आणि चोपण जमिनीला उपाय काय? जिप्सम. म्हणजे कॅल्शियम. आपण घरात पैसे देऊन पाण्यातलं कॅल्शियम गटारात घालवतो आणि मग बागेसाठी पैसे देऊन कॅल्शियमचं पोतं आणतो.

यातली गंमत अशी की हा सगळा शोध मातीतूनच लागला. १८५० साली इंग्लंडमध्ये टॉम्प्सन आणि वे या दोघांनी, खतातला अमोनिया जमिनीत कसा टिकतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मातीतून अमोनियाचा क्षार ओतला तर खालून कॅल्शियमचा क्षार बाहेर येतो, असं त्यांना दिसलं. आयनांची अदलाबदल ती हीच. पुढे १९३५ मध्ये अ‍ॅडम्स आणि होम्स यांनी कृत्रिम रेझिन तयार केलं, आणि आजचे मणी त्याच वाटेने आले. मातीचा गुण आपण नळकांड्यात भरला आणि त्याचा परतावा पुन्हा मातीलाच पाठवतो आहोत.

मग बसवायचा की नाही?

हा प्रश्न व्याख्यानानंतर येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. आमच्या घरी सॉफ्टनर आजही आहे. फक्त जागा बदलली आहे. तुम्हाला बसवायचा असेल तर क्रम असा ठेवा.

एक, आधी दुष्फेनपणा मोजा. लोहही मोजून घ्या, कारण लोह मण्यांवर बसून रेझिन निकामी करतं. गाळ असेल तर सॉफ्टनरच्या आधी गाळणी हवी.

दोन, सगळ्या घराला बसवू नका. स्वयंपाकघराचा नळ, फ्लशची टाकी आणि झाडांचा नळ वगळा. फ्लशलाच माणशी ४५ लिटरच्या आसपास पाणी जातं, आणि संडासाच्या भांड्याला मऊ पाण्याचं सुख कळत नाही. गीझर, न्हाणीघर आणि वॉशिंग मशीन एवढ्यांना दिलं तरी मीठ निदान एक तृतीयांशाने कमी लागतं. आम्ही आता तेच केलं आहे.

तीन, दाब बघा. गच्चीवरच्या टाकीपासून दहा मीटर खाली आलात की साधारण एक किलो दाब मिळतो. वरच्या मजल्यांवर तेवढाही मिळत नाही. स्वयंचलित व्हॉल्व्हला त्याहून जास्त लागतो, म्हणजे वेगळा पंप आला. हे बहुतेक वेळा मशीन घरात आल्यावर सांगतात.

चार, बायपास व्हॉल्व्ह मागूनच घ्या. यंत्र बिघडलं तर घराचं पाणी बंद पडता कामा नये. आणि निचऱ्याची नळी गटाराच्या पाण्यात बुडवू नका. मध्ये हवेची फट ठेवा, नाहीतर घाण पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं.

पाच, मीठ गोळीचं किंवा स्वच्छ जाडं घ्या. बारीक दळलेल्या मिठाचा टाकीत गोळा होतो. काही जण सोडियम नको म्हणून पोटॅशियम क्लोराइड सुचवतात. घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करू नका. त्यांना जादा पोटॅशियम घातक ठरू शकतं.

सहा, आणि हा सोसायटीच्या सभेत मांडण्याचा मुद्दा आहे. गच्चीवर पडणारा पाऊस हे सर्वांत मऊ पाणी आहे. ते साठवलं किंवा बोअरच्या पाण्यात मिसळलं तर दुष्फेनपणा आपोआप उतरतो आणि त्याला मीठ लागत नाही.

आणि डाळीचं काय? सौ.नी जुना उपाय पुन्हा सुरू केला आहे. डाळ रात्री भिजत घालतात आणि शिजवायला पिण्याच्या पाण्यातलं दोन भांडी पाणी घेतात. आता आमच्याकडे आरओ आहे. त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसायला वापरतो.

घरी गेल्यावर एक गोष्ट करा. एका स्वच्छ बाटलीत नळाचं थोडं पाणी घ्या, दुसरीत तेवढंच पावसाचं किंवा आरओचं. दोन्हींत साबणाच्या वडीचा चिमूटभर कीस टाका. वडीच घ्या, पावडर किंवा हँडवॉश नको, त्यांना जड पाण्याचा फारसा फरक पडत नाही. जोरात हलवा आणि दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून फेस बघा. मशीन विकायला येणाऱ्या माणसाला दार उघडण्याआधी ही चाचणी झालेली असू द्या. आणि तो 'काढून टाकतो' म्हणाला की त्याला बसवा, पाणी द्या, आणि विचारा, "काढून टाकता म्हणजे कुठे टाकता, आणि त्याच्या जागी काय ठेवता?"

आता प्रश्न घेऊ.